काळोखाची राखण

गोव्यात डिचोलीच्या आमच्या बाजूला काळोख दोनदा गेला आणि मधे एकदा परत आला.

पहिल्यांदा तो खाणींनी नेला. मी लहान होते तेव्हा डोंगराच्या अंगावर मोठमोठे दिवे उभे होते आणि रात्रपाळी त्यांच्या उजेडात चालायची. लाल धूळ त्या झोतात तरंगत राहायची. अंगणातून त्या दिशेला पाहिलं की आकाशाचा खालचा पट्टा रात्रभर तांबूस असे, आणि आम्हा मुलांना ते आकाशच खरं वाटायचं. सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारने खाणींचं काम थांबवलं, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला, आणि डोंगर विझला. त्या पावसाळ्यानंतर आमच्याकडे खरी रात्र झाली. पण ती कुणालाच नको होती. दारोदारी ट्रक उभे होते, बँकेचे हप्ते काही थांबले नव्हते, आणि ज्या घरांत दोन माणसं खाणीवर होती त्या घरांत संध्याकाळी कुणी मोठ्याने बोलत नसे. आकाश किती स्वच्छ झालंय हे मला दिसत होतं. मी ते कुणाकडे बोलले नाही. ज्याची चूल विझायला आलीय त्याला तारे दाखवण्यात काही अर्थ नव्हता.

काळोखाबद्दल लिहायचं तर सुरुवात इथूनच केली पाहिजे असं मला वाटतं. काळोखाची ओढ पोट भरलेल्या माणसाला लागते, असं म्हणणारे आहेत आणि त्यांचं अगदीच चूक नाही. पण आमच्या मुलखात काळोखावर पोट असलेले लोकही आहेत, जनावरंही आहेत. त्यांची बाजू सहसा मांडली जात नाही. आणि दुसऱ्यांदा जो काळोख गेला, गेल्या काही वर्षांत, तो कुणाच्या पगारासाठी गेला असं मला कुठे दिसलं नाही. सोडियमचे पिवळे दिवे उतरले, पांढरे एलईडी चढले, नव्या इमारतींच्या गच्च्यांवर झोत लागले, आणि रात्र सगळीकडून थोडी थोडी कमी होत गेली. ती गेल्याचं कुणी मनाला लावून घेतलं नाही.

माझ्या आजीच्या काळात गावातल्या काळोखाला धनी होता. देवचार. गोव्यातल्या बहुतेक जुन्या गावांना आपापला देवचार आहे, सीमेवर राखण करणारा. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, पायांत वहाणा. रात्री तो गावाला फेरी मारतो, वाट चुकलेल्याला घरापर्यंत आणून सोडतो. त्याच्या हातातली चूड दूरवरून हलताना दिसते, असं आजी सांगायची. चूड म्हणजे माडाच्या सुक्या झावळीची बांधलेली मशाल. चालताना ती हलवत राहायची, म्हणजे विस्तव फुलतो आणि पायापुरता उजेड पडतो. आजी शेजारच्या वाड्यावरून रात्री परतताना चूडच घेऊन यायची. वर्षातून एकदा देवचाराला रोट द्यायचा, नवी वहाण द्यायची. वहाण झिजते, कारण तो खरंच चालतो.

या समजुतीवर विश्वास ठेवा म्हणून मी हे सांगत नाही. माझं लक्ष जातं ते त्यातल्या व्यवस्थेकडे. काळोख ही मोकळी पडलेली जागा नव्हती, तिथे कुणाचा तरी वावर होता, आणि आपण त्याच्या हद्दीतून जातोय याचं भान ठेवून माणसं चालायची. आवाज देत जायची, उजेड पायाशी धरून जायची. भीती होती. पण त्या भीतीत ओळखही होती.

दिवसाढवळ्याचा काळोखही आमच्याकडे आहे आणि तो मला फार प्रिय आहे. फोंड्याकडच्या कुळागरांत एप्रिलच्या दुपारी शिरून पाहा. सावई-वेऱ्याला, केरीला, प्रियोळला. वर माड आणि पोफळी, त्यांच्या अंगावर मिरवेली, खाली केळी, जायफळ. बाहेर ऊन डोळ्यांत खुपत असतं आणि आत पाटाच्या पाण्यावर उन्हाचे तुटके ठिपके. ही सावली आपोआप पडलेली नाही, पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी झाडं एकाखाली एक लावून ती घडवलीय. मिरी, जायफळ ही पिकं त्या सावलीच्या जिवावर येतात. सत्तरीत बांबर गावची निरंकाराची राय, म्हणजे देवराई, याच्याही पुढची. तिथे दलदलीत जायफळाच्या कुळातली रानटी झाडं उभी आहेत, त्यांची मुळं श्वासासाठी चिखलातून कमानीसारखी वर येतात आणि पुन्हा आत जातात. देवाची राय म्हणून कुणी तिथे कुऱ्हाड लावली नाही, म्हणून तो अंधारा ओलावा टिकला. असं पाणथळ जायफळाचं रान पश्चिम घाटात आता थोड्याच ठिकाणी उरलंय.

आणि तांबडी सुर्ला. बाराव्या-तेराव्या शतकातलं कदंबांचं ते काळ्या दगडाचं महादेवाचं देऊळ पूर्वाभिमुख आहे. उगवत्या सूर्याचा किरण आत पोचावा अशी त्याची मांडणी. एरवी गाभारा अंधारा. बाहेरच्या उजेडातून आत गेलं की काही क्षण काहीच दिसत नाही, आणि मग हळूहळू पिंडी दिसायला लागते. ते ‘हळूहळू’ दर्शनाचाच भाग आहे. कितीतरी देवळांचे गाभारे हल्ली पांढऱ्या दिव्यांनी आणि चकचकीत फरशांनी इतके उजळलेत की आत पाऊल टाकताच सगळं एकदम दिसतं. डोळ्यांना थांबावं लागत नाही. समईच्या उजेडात मूर्तीचा चेहरा हलल्यासारखा वाटायचा, तसा आता वाटत नाही. दिवजांच्या जत्रेत सुवासिनी हातात मातीची पाच वातींची पेटती दिवजं घेऊन देवळाभोवती फिरतात, तेव्हा निदान तेवढा वेळ आवारातले विजेचे दिवे मालवावेत अशी माझी फार इच्छा आहे. त्या पाच वातींना रात्र हवी असते.

डोळ्यांच्या या थांबण्याचं शास्त्र साधं आहे. अंधुक उजेडात पाहणाऱ्या पेशी वेगळ्या असतात, आणि त्यांतलं रंगद्रव्य पुरतं भरून यायला वीस ते तीस मिनिटं लागतात. एक पांढरा झोत डोळ्यांत गेला की ते क्षणात विरतं, आणि पुन्हा पहिल्यापासून वाट पाहायची. लाल उजेडाने त्याला फारसा धक्का लागत नाही, म्हणून आकाश पाहणारे लाल बॅटरी वापरतात. आजच्या रात्रीत आपण अर्धा तास सलग काळोखात असतो तरी कधी? मोबाइल आहे, गाडीचे दिवे आहेत, कोपऱ्यावरचा खांब आहे. आपल्या डोळ्यांना जे दिसू शकतं त्यातलं पुष्कळसं आपण एकदाही न पाहता जगतो.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्यावरून गेलं. झाडं पडली, खांब मोडले, तारा तुटल्या, आणि कितीतरी गावं दिवसचे दिवस विजेविना राहिली. करोनाचे दिवस होते. घरात आजारी माणूस, पंपाला वीज नाही म्हणून नळाला पाणी नाही, औषध थंड ठेवायला फ्रीज नाही. त्या काळोखाचं मी कौतुक करणार नाही. पण पाऊस ओसरल्यावर एका मध्यरात्रीनंतर, चंद्र मावळलेला असताना, उकाड्याने झोप येईना म्हणून आम्ही अंगणात खुर्च्या टाकून बसलो, आणि दक्षिणेला वृश्चिकाच्या शेपटीपासून धनूपर्यंत आकाशगंगा उभी होती. माझ्या भाचीने विचारलं, ‘मावशी, तो ढग का हलत नाही?’ दहावीला बसायच्या वयाची मुलगी. तिने आकाशगंगा पुस्तकात वाचली होती, उत्तरपत्रिकेत लिहिली होती. ती तिच्याच अंगणावर रोज असते हे तिला तोवर कुणी दाखवलं नव्हतं. दाखवणार कुठून, उजेडामागे ती झाकलेली होती.

अमेरिकेतल्या जॉन बॉर्टल नावाच्या निरीक्षकाने २००१ साली आकाशाच्या काळोखाची नऊ पायऱ्यांची मोजणी सुचवली. पहिली पायरी म्हणजे निखळ काळोख, नववी म्हणजे शहराचा मध्य. किनारपट्टीवरच्या गजबजलेल्या पट्ट्यात आणि मांडवीत कॅसिनोंच्या रंगीत दिव्यांसमोर उभं राहून वर पाहिलं तर चार-दोन तारे सापडतात. चोर्ला घाट चढून म्हादईच्या बाजूला गेलं की काळोख पुन्हा दाट होऊ लागतो. एवढ्याशा गोव्यात ही दोन्ही टोकं एका संध्याकाळच्या अंतरावर आहेत. म्हणून वाटतं, सगळंच अजून गेलेलं नाही.

म्हादईच्या त्या रानात भर पावसात कुजक्या फांद्यांवर मायसीना जातीची बारीक अळंबी उगवतात आणि त्यातली काही काळोखात फिकट हिरवी चमकतात. बॅटरी लावून शोधायला गेलात तर सापडणार नाहीत. बॅटरी विझवून, एका जागी उभं राहून, पावसाच्या धारा अंगावर घेत थांबावं लागतं. पावसाच्या तोंडावर येणाऱ्या काजव्यांचंही तसंच. नर उडत उडत आपल्या जातीच्या ठरलेल्या तालात लुकलुकतो, मादी खालून गवतातून उत्तर देते. हा सगळा संवाद उजेडाच्या खुणांनीच होतो, म्हणून त्याला काळोख लागतो. खांबावरच्या दिव्याखाली तिला त्याची खूण दिसत नाही, त्याला तिची. जोडी जमत नाही, आणि पुढच्या वर्षी त्या बांधावर काजवे कमी येतात. आमच्या शेताच्या बांधावर हे मी होताना पाहिलंय. दिवा लागलेल्या टोकाला आता काजवे नाहीत, पलीकडच्या टोकाला आहेत.

समुद्राकडे वळलं की गोष्ट अधिक कठोर होते, कारण तिथे उजेड हत्यार आहे.

अमावास्येच्या आसपासच्या रात्री मासेमाराला पूर्वीपासून कामाच्या. पाण्यात नॉक्टिल्युकासारखे सूक्ष्म जीव असले की जरा हालचाल झाली तरी निळसर चमक उठते. बांगड्याचा, तारल्याचा थवा खालून सरकला तर पाण्यात उजळ डाग सरकतो, आणि अनुभवी डोळा त्यावरून थवा ओळखतो. त्यासाठी वर काळोख लागतो. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांत, मानशीवरही रात्रीचं काम चालतं. मानस म्हणजे बांधातलं पाण्याचं दार. अमावास्या-पुनवेच्या मोठ्या भरतीला पाणी आत येतं, ओहोटीला मानशीच्या दारातून बाहेर जातं, तिथे जाळं लावलेलं असतं आणि वर एक कंदील टांगलेला. सुंगटं, म्हणजे कोळंबी, उजेडाकडे येतात. मानशीची पावणी, म्हणजे लिलाव, होते, पैसे गावाच्या कामी येतात. म्हणजे उजेड दाखवून पकडणं आपल्याला नवं नाही. एक कंदील, एक दार, ओहोटीची ठरलेली वेळ, एवढाच त्याचा पसारा.

नवं आहे ते प्रमाण. जनरेटरवर चालणारे एलईडीचे झोत पाण्यावर आणि पाण्याखाली सोडले की प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, गोळा होतं, त्यामागे बारकी मासळी, तिच्यामागे मोठी, माणकी (स्क्विड) तर हमखास. दूरदूरचं पाणी एका जागी रिकामं होतं. पिल्लं, अंड्यावरची मासळी, सगळं एका जाळ्यात. किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणकाराच्या वाट्याला तिथे काय उरणार? याच रापणकारांनी १९७०च्या दशकात यांत्रिक ट्रॉलरांविरुद्ध लढा उभारला, त्यातून १९८० चा गोव्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा आला. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने भारताच्या सागरी आर्थिक क्षेत्रात एलईडी किंवा कुठलेही कृत्रिम दिवे वापरून मासेमारी करण्यावर बंदी घातली. बंदी कागदावर आहे. रात्री किनाऱ्यावर उभं राहून क्षितिजाकडे पाहणाऱ्या पारंपरिक मच्छीमाराला मात्र ते दिवे अजून दिसतात, आणि प्रत्येक मोसमात तो त्याविरुद्ध बोलतो. त्याचं भांडण मला काळोखाच्या हक्काचं भांडण वाटतं. समुद्रावरची रात्र सगळ्यांची सारखी होती, होडीवाल्याची आणि ट्रॉलरवाल्याची. ज्याच्याकडे जनरेटर आहे त्याने ती विकत घेतली.

कासवांची गोष्ट आता पुष्कळांना माहीत आहे, तरी ती इथे सांगायलाच हवी. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले माद्या हिवाळ्यात अंडी घालायला येतात. एका घरट्यात साधारण शंभरावर अंडी. मादी काळोखी, शांत वाळू निवडते. झोत दिसला तर कधी अंडी न घालताच माघारी फिरते. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात, बहुधा रात्री, आणि जिकडे क्षितिज उजळ असेल तिकडे चालू लागतात. लाखो वर्षं ती दिशा समुद्राचीच होती, कारण ताऱ्यांचा, चंद्राचा उजेड पाण्यावरून परतायचा आणि जमिनीकडे झाडांची काळी भिंत असायची. आता जमिनीकडे शॅक आहेत. पिल्लू पाठ फिरवून दिव्याकडे जातं, आणि सकाळपर्यंत वाळूत सुकतं किंवा कुत्र्याच्या, कावळ्याच्या, कुर्लीच्या तोंडी जातं.

१९९०च्या दशकापर्यंत मोरजीत ही अंडी खाल्ली जात, विकली जात. मग तिथल्याच गावकऱ्यांनी ती राखायला घेतली, वनखात्याची साथ मिळाली, घरट्यांना कुंपणं आली. अंडी खाणारा हातच राखणदार झाला, याचं मला फार अप्रूप आहे. पण अंड्याला कुंपण घालता येतं, काळोखाला कसं घालणार? तो जपायचा तर शेजाऱ्यानेही आपला दिवा मालवला पाहिजे. पाच शॅकनी मालवला आणि सहाव्याने ठेवला तर पिल्लं सहाव्याकडे जाणार.

पहिल्या पावसात शेतात बेडूक ओरडू लागले की बॅटऱ्या घेऊन माणसं उतरतात. झोत डोळ्यांवर पडला की बेडूक जागीच थिजतो, मग फक्त उचलायचा. ‘जंपिंग चिकन’ म्हणून ताटात जातो. कायद्याने हा गुन्हा आहे, आणि ज्याने भातावरचे किडे खायचे तोच नाहीसा होतो. हे थांबलंच पाहिजे. याहून जास्त मला त्यावर बोलवत नाही.

आता दुसरी बाजू, आणि ती मी हलक्याने घेत नाही. शेवटच्या बसने उतरून घरापर्यंतची वाट मी एकटीने चाललेय. माडांच्या मधून जाणारी ती पाऊलवाट, पाठीमागे दुचाकीचा आवाज, आणि तो आवाज हळू होणं. त्या क्षणी मला काजव्यांची नाही, खांबाची आठवण येते. काळोखाबद्दल प्रेमाने लिहिणाऱ्या पुष्कळांना ती वाट चालावी लागत नाही. बाईला रस्त्यावर उजेड मिळालाच पाहिजे, म्हाताऱ्या माणसाला पायरी दिसली पाहिजे, यात तडजोड नाही. प्रश्न उजेड कुठे सांडतो हा आहे. उघडा पांढरा एलईडी खांबावर लावला की त्याचा पुष्कळसा भाग बाजूला आणि वर जातो. तो आपल्याच डोळ्यांवर येतो, डोळ्याची बाहुली आकसते, आणि खांबामागची सावली आधीपेक्षा काळी होते. त्या सावलीत कोण उभं आहे ते दिसत नाही. वर टोपी असलेला, फक्त खाली पडणारा, पिवळसर दिवा कमी विजेत रस्ता नीट दाखवतो, आणि झाडाच्या शेंड्याला, आकाशाला, शेजारच्या बांधाला स्पर्श करत नाही. पिवळट उजेडात निळा भाग कमी असतो. निळा उजेड हवेत अधिक विखुरतो, आकाशभर पसरतो, आणि आपल्या शरीरातलं झोपेचं मेलाटोनिन अडवण्यातही तोच पुढे असतो. म्हणजे बाईची सुरक्षा एका बाजूला आणि काजवा दुसऱ्या बाजूला अशी ही निवड नाहीच. कुणी तरी ती तशी आपल्यासमोर ठेवली आणि आपण मान्य केली.

गेल्या हिवाळ्यात मी आमच्या ग्रामसभेत हे मांडलं. तळीच्या वाटेवरच्या खांबांना टोप्या लावा आणि दिवे पिवळे करा, एवढंच. आधी हशा झाला. एकाने विचारलं, ‘उजेड आणायला आम्ही किती वर्षं अर्ज केले ठाऊक आहे का तुला, बाय?’ ठाऊक होतं. त्या अर्जांवर माझ्या वडिलांची सही होती. मग मागच्या बाकावरची एक म्हातारी काकी उठली. खोलीत दिवा येतो, सगळी रात्र डोळ्याला डोळा लागत नाही, पडदा लावला तर वारा येत नाही, असं तिने सांगितलं. माझ्या अर्ध्या तासाच्या बोलण्यापेक्षा तिच्या दोन वाक्यांना वजन पडलं. तिच्या घरासमोरचा खांब आधी करायचं ठरलं.

टोपी बाजारात हवी तशी मिळेना. गावातल्याच वेल्डिंगवाल्याने पत्रा वाकवून दिली, लाइनमनने वर चढून बसवली. पहिल्या रात्री पलीकडच्या घरातून तक्रार आली की आमच्या फाटकावर आता उजेड पडत नाही. खरंच पडत नव्हता. टोपी थोडी फिरवून घेतली, फाटक आलं, काकीची खिडकी सुटली. तळीपर्यंतचे बाकीचे खांब अजून तसेच आहेत. पाऊस लागल्यावर लाइनमन खांबावर चढत नाही, आणि त्याचं बरोबर आहे. पत्रा कापून ठेवलाय. गणपतीची चवथ झाली की पुढचे दोन घ्यायचे, तोवर दिव्यांचे पैसे कुठल्या खात्यातून द्यायचे ते पंचांनी बघायचं, असं ठरलंय.